बर्फातला गडगडाट



शिक्षकाला एक वाईट सवय असते. प्रश्न कानावर पडायचा अवकाश, उत्तर तोंडात तयार असते. समोर वर्ग असो की घरची मंडळी, ‘मला माहीत नाही, बघून सांगतो’ एवढे साधे वाक्य जिभेवर येत नाही. वीस वर्षे खडू हातात धरल्यावर ही सवय आम्हालाही लागली आहे. तिने एकदा आमच्या भाच्याचा जीव धोक्यात घातला होता. ती गोष्ट आम्ही आजवर घराबाहेर फारशी सांगितलेली नाही. पण आता आपल्यातली कितीतरी मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी थंड मुलखात जाऊन राहिली आहेत. त्यांना आणि इकडे त्यांची काळजी करत बसलेल्या आईवडिलांना तिचा उपयोग होईल, म्हणून या वेळी तीच सांगतो.

आमची धाकटी बहीण अमेरिकेत असते. राज्य न्यूयॉर्क, पण प्रसिद्ध न्यूयॉर्क शहरापासून रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटर दूर, राज्याच्या पार पश्चिम टोकाला. तिथे बफेलो नावाचे शहर आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या वस्तीत तिचे घर. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता, मुलगी सात वर्षांची.

२०२२ सालच्या नोव्हेंबरची १८ तारीख, शुक्रवार. इकडे मिरजेत मगरिब होऊन तास-दीड तास झाला होता. तिकडे सकाळचे नऊ वाजत होते. आदल्या रात्रीपासून तिकडे हिमवादळ सुरू होते. गाड्या रस्त्यावर आणायला बंदी होती, शाळा बंद होत्या. आमच्या अम्मींचा जीव काही थाऱ्यावर नव्हता, म्हणून व्हिडिओ कॉल लावला. बहिणीने फोन खिडकीकडे फिरवला. खिडकीबाहेर रस्ता नव्हता, कुंपण नव्हते, शेजाऱ्यांची गाडी नव्हती. सगळीकडे नुसते पांढरे.

तेवढ्यात भाची फोनजवळ आली आणि हळूच म्हणाली, “मामू, रात्री ढग गरजले. लाईटपण चमकली. खूप मोठ्ठी.”

आम्ही हसलो. म्हणालो, “बेटा, वीज पावसात चमकते, बर्फात नाही. बर्फ काढायच्या गाडीचा आवाज झाला असेल. कुठेतरी तार तुटून ठिणगी उडाली असेल. घाबरायचे नाही.”

मुलीचा चेहरा पडला. आपण पाहिलेले कुणी खोटे ठरवले की लहान मुलांचा जसा पडतो, तसा. पण आमचे बोलणे आणखी एकाने ऐकले होते. गडगडाट झाल्यापासून बहिणीने मुलाला बाहेर जायला मना केले होते. तो लगेच म्हणाला, “अम्मी, ऐकलंस ना? मामू सायन्सचे टीचर आहेत!” आणि फावडे घेऊन गॅरेजच्या दारासमोरचा बर्फ ओढायला गेला. मेहुणे तळघरात हीटर बघत होते. बहिणीनेही मग अडवले नाही. भाईजान म्हणतात तर तसेच असेल.

चार-पाच मिनिटे गेली असतील. आम्ही तिला तिकडच्या दुकानांत दूध मिळते का, हे विचारत होतो. अचानक फोनचा सगळा पडदा जांभळट पांढरा झाला आणि त्याच क्षणी एक आवाज आला. आपल्याकडे ढग लांबून गुरगुरत येतात तसा नव्हे. एखादी जड पेटी वरच्या मजल्यावरून खाली टाकावी तसा, एकच, दबका आणि जवळचा. बहीण किंचाळली. फोन तिच्या हातून पडला. त्यानंतर आम्हाला फक्त तिच्या घराचे छत दिसत होते. हाका ऐकू येत होत्या, दार आपटल्याचा आवाज आला, भाचीचे रडणे ऐकू आले. इकडे अम्मींच्या हातातली तसबीह थांबली होती. त्या आमच्याकडे बघत होत्या आणि आम्हाला त्यांच्याकडे बघवत नव्हते.

अल्हम्दुलिल्लाह, मुलगा धावत आत आला. पांढराफटक, कानावर हात ठेवून, पण सुखरूप. वीज दोन घरे सोडून मॅपलच्या झाडावर पडली होती. झाडाची साल वरपासून खालपर्यंत सोलून निघाली होती.

त्या रात्री आम्ही झोपलो नाही. ‘बर्फात वीज नाही’ हे आम्हाला कुणी शिकवले होते? कुणीच नाही. कुठल्या पुस्तकात तसे लिहिलेले नव्हते. आम्ही बर्फ पडताना कधी पाहिला नव्हता, एवढेच. जे आम्ही पाहिले नाही ते होतच नाही, असे आम्ही एका सात वर्षांच्या मुलीला ठणकावून सांगितले होते. आणि ती तर डोळ्यांनी पाहून आली होती.

मग वाचायला बसलो. जसजसे वाचत गेलो तसतशी जास्तच शरम वाटत गेली. कारण बर्फात वीज होत नाही हे तर चूक होतेच, पण खरी गोष्ट जवळजवळ त्याच्या उलट होती. ढगात बर्फ नसेल तर वीज तयार होणेच कठीण.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा होती. सातवीच्या वर्गात आम्ही पुस्तक उघडलेच नाही. आदल्या संध्याकाळची गोष्ट सांगितली आणि फळ्यावर लिहिले : ‘आमचे उत्तर चुकले.’ मुले आधी गालातल्या गालात हसली. मग गप्प झाली. मग आम्ही ढगात काय चालते ते सांगू लागलो.

उंच ढगाच्या वरच्या भागात कडाक्याची थंडी असते. शून्याखाली दहा ते वीस अंश तापमान असलेल्या थरात तीन गोष्टी एकत्र नांदतात. एक, बर्फाचे बारीक, हलके स्फटिक. दोन, साबुदाण्यासारखे मऊ, पांढरे, जरा जड दाणे. तीन, शून्याखाली जाऊनही अजून न गोठलेले पाण्याचे थेंब. खालून जोराचा वारा वर चढत असेल तर हलके स्फटिक वर जातात, जड दाणे मागे रेंगाळतात आणि वाटेत दोघांची टक्कर होत राहते. अशा असंख्य टकरींत स्फटिकांवर धन प्रभार येतो आणि दाण्यांवर ऋण. स्फटिक वर, दाणे खाली. म्हणजे ढगाचा वरचा भाग एका प्रभाराचा, खालचा दुसऱ्याचा. हा फरक हवेला पेलवेनासा झाला की वीज चमकते. तिच्या वाटेतली हवा क्षणात प्रचंड तापते, फुगते आणि गडगडाट होतो.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. एरवी ती फारशी बोलत नाही. म्हणाली, “सर, मग आपल्याकडे वळीव येतो तेव्हा गारा आणि विजा बरोबरच येतात, ते यामुळेच का?”

आम्ही तिच्याकडे बघतच राहिलो. मिरजेत वाढलेल्या कुणाला वळीव सांगायला नको. मे महिन्यात दुपारभर रान तापते, चारच्या सुमारास पश्चिमेला काळा डोंगर उभा राहतो, विजा कडाडतात आणि पत्र्यावर गारा वाजू लागतात. बर्फ आणि वीज आम्ही लहानपणापासून एकाच ढगातून येताना पाहत होतो. गारा वेचून खाल्ल्या होत्या. तरी दोन्हींचा संबंध आमच्या डोक्यात कधी आला नाही. वळवाच्या ढगातला बराचसा बर्फ खाली येईपर्यंत वितळतो आणि पाऊस होतो. तिकडे हिवाळ्यात जमिनीपर्यंतची हवा थंड असते, म्हणून तो बर्फच राहतो. एवढाच काय तो फरक.

आणखी एक कबुली द्यायची राहिली. पवित्र कुरआनच्या सूरह नूरमध्ये एका आयतीत डोंगरांसारख्या ढगांचा, गारांचा आणि डोळे दिपवणाऱ्या विजेचा उल्लेख एकत्र आहे. ही सूरह आम्ही किती वेळा पढली असेल, त्याला मोजदाद नाही. पण आम्ही पढत होतो, थांबत नव्हतो.

मग एका मुलाने विचारले, “सर, तिकडे बर्फ तर नेहमीच पडतो. मग दर वेळी वीज का चमकत नाही?” प्रश्न बरोबर होता. त्याचेही उत्तर आपल्या पावसात आहे. श्रावणात दिवसदिवस झड लागते, पण गडगडाट क्वचितच ऐकू येतो. कारण त्या वेळचे ढग पसरट असतात, त्यांत हवा जोराने वर चढत नाही. नेहमीचे हिमढगही असेच चादरीसारखे पसरलेले असतात. वीज व्हायला ढग उभा चढावा लागतो, आणि त्याला खालून ऊब लागते. वळवाला ती तापलेल्या जमिनीतून मिळते. बफेलोला ती मिळते तळ्यातून.

बफेलो हे ईरी नावाच्या प्रचंड सरोवराच्या पूर्व टोकावर वसले आहे. सरोवराची लांबी सुमारे ३९० किलोमीटर. उन्हाळाभर तापलेले त्याचे पाणी नोव्हेंबरातही बरेच उबदार असते. त्यावरून कॅनडाकडची बर्फगार हवा वाहू लागली की थंडीच्या दिवसांत गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफ उठते तसे होते. सरोवराचे पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांत १३ अंशांचा फरक पडला की असा हिमवर्षाव व्हायला परिस्थिती अनुकूल झाली, असा हवामानखात्यांचा ठोकताळा आहे. आणि वारा सरोवराच्या लांबीच्या दिशेने वाहिला, तर ती सगळी ऊब आणि ओल गोळा करून तो एका अरुंद पट्ट्यात ओततो. पट्ट्याच्या आत हाताला हात दिसत नाही, आणि काही किलोमीटरवर ऊन पडलेले असते. त्या नोव्हेंबरच्या वादळात बफेलोच्या दक्षिणेकडील हॅम्बर्ग आणि ऑर्चर्ड पार्क या गावांत तीन-चार दिवसांत ८० इंचांच्या आसपास बर्फ पडला. म्हणजे दोन मीटर. आपल्या घराच्या दाराएवढा. पुढे कडक हिवाळ्यात सरोवर गोठले की पातेल्यावर झाकण पडल्यासारखे होते आणि हा प्रकार ओसरतो. म्हणून तिकडे नोव्हेंबर-डिसेंबर जपून राहायचे महिने.

हे फक्त अमेरिकेत होते असेही नाही. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर सायबेरियातले थंड वारे उबदार समुद्रावरून येतात. तिथल्या कानाझावा शहरात वर्षाला चाळीसहून अधिक दिवस गडगडाट होतो, आणि त्यातला मोठा वाटा हिवाळ्यातला असतो. तिथले लोक या गडगडाटाला ‘युकी-ओकोशी’ म्हणतात, म्हणजे बर्फाला जागे करणारा. त्याच सुमारास बुरी नावाचा मासा चांगला मिळू लागतो, म्हणून त्याचे दुसरे नाव ‘बुरी-ओकोशी’. जे आम्ही ‘होतच नाही’ म्हणून मोकळे झालो होतो, त्यावर तिथल्या कोळ्यांचा हंगाम ठरतो!

पण इतर ठिकाणी हा प्रसंग तसा दुर्मीळच. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवरचे नावाजलेले हवामानतज्ज्ञ जिम कँटोरी २०१५ च्या फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावात हिमवादळाचे वार्तांकन करत होते. बर्फात एकामागून एक वीज चमकू लागली, तेव्हा हा जन्मभर वादळे पाहिलेला माणूस कॅमेऱ्यासमोर लहान मुलासारखा उड्या मारू लागला. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. आम्हीही पाहिली. हसू आले, पण भाचीचा पडलेला चेहराही आठवला. तिनेही तेच पाहिले होते. तिला फक्त सोबत आनंदाने उड्या मारणारे कुणी मिळाले नाही.

आता कामाचे बोलू. ज्यांची माणसे थंड देशांत आहेत त्यांनी हा भाग त्यांना जरूर वाचून दाखवावा.

पहिली गोष्ट, बर्फ आवाज गिळतो. एरवी गडगडाट पंधरा किलोमीटरपर्यंतही ऐकू येतो. हिमवर्षावात तो तीन ते पाच किलोमीटरपलीकडे सहसा पोहोचत नाही. म्हणून बर्फात गडगडाट ऐकू आला तर ‘लांब कुठेतरी आहे’ असे समजू नये. ऐकू आला याचाच अर्थ वीज जवळ आहे.

दुसरी, हिवाळ्यातले ढग बुटके असतात, आणि त्यांतल्या विजांमध्ये धन प्रभाराच्या, जास्त शक्तीच्या विजांचे प्रमाण अधिक असते. विजा मोजक्या, पण मार जबर.

तिसरी, वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजावेत आणि तिनाने भागावे. तितके किलोमीटर वीज दूर. पण मोजायचे ते घरात बसून. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडू नये. बर्फ ओढणे, घसरगाडी खेळणे, उंच झाडाखाली किंवा दिव्याच्या खांबाजवळ उभे राहणे, सगळे त्यानंतर.

चौथी, गडगडाट ही वाढत्या बर्फाचीही सूचना आहे. ज्या ढगात वीज तयार होण्याइतका जोर असतो, तो तासाला पाच ते दहा सेंटिमीटर बर्फही ओतू शकतो. तेव्हा ‘पटकन जाऊन येतो’ म्हणून गाडी काढू नये. बंद गाडीत विजेपासून बऱ्यापैकी बचाव होतो, हे खरे. पण गाडी बर्फात रुतली आणि धूर सोडणारी नळी बर्फाने बुजली, तर इंजिनाचा विषारी वायू आत भरतो. त्याला ना रंग असतो ना वास. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नाताळच्या सुमारास बफेलोवर दुसरे हिमवादळ आले. त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. कुणी गाडीत अडकले, कुणी रस्त्यात, कुणी उष्णता बंद पडलेल्या घरात.

काही घरांत असाही प्रश्न असतो की जुमा कसा चुकवायचा? थंडीच्या, वाऱ्या-पावसाच्या रात्री अजानबरोबर ‘आपापल्या ठिकाणीच नमाज पढा’ असे पुकारायला प्रेषितांनी (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) सांगितल्याचे हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. त्या शुक्रवारी मेहुणेही घरीच जुहर पढले. जीव जपणे हे दीनच्या विरुद्ध नाही.

आणि भीतीचे काय? मुलांना ‘घाबरू नकोस’ म्हणण्याची आपल्याला घाई असते. कुरआनच्या तेराव्या सूरहचे नावच ‘रअद’, म्हणजे गडगडाट. तिथे वीज भीतीही देते आणि आशाही, असे दोन्ही एकत्र सांगितले आहे. आम्हाला वाटते, मुलांना विजेची भीती वाटली तर ती पुसायला धावू नये. ती भीती त्यांना घरात ठेवते. आम्ही भाचीची भीती पुसली आणि भाचा दाराबाहेर गेला.

त्या शनिवारी दुपारी शाळेतून आल्यावर तिकडे रात्र सुरू होती, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो आणि मग फोन केला. भाचीला मागून घेतले. म्हणालो, “बेटा, तू बरोबर होतीस, मामू चुकले. बर्फात वीज चमकते. तू जे पाहिलेस ते पुष्कळ लोकांना जन्मात बघायला मिळत नाही. आता मला नीट सांग, कशी दिसली?”

ती दहा मिनिटे बोलत होती. आधी सगळा बर्फ निळा झाला, मग गुलाबी, मग काहीच दिसले नाही, मग आवाज आला आणि खिडकीची काच थरथरली. आम्ही मध्ये एकदाही बोललो नाही. वीस वर्षांच्या नोकरीत हे आम्हाला क्वचितच जमले असेल.

भाचा आता मोठा झाला आहे. हिवाळ्यात कधी गडगडाट झालाच तर त्याचा निरोप येतो : “मामू, सात सेकंद. आम्ही सगळे घरात.” आम्ही सातला तिनाने भागतो, सव्वादोन किलोमीटरच्या वर येते, आणि अम्मींना सांगतो की मुले घरात आहेत. मग त्यांची तसबीह पुन्हा फिरू लागते.

अल्लाह तआला आपल्या सर्वांची दूर गेलेली मुले आपल्या हिफाजतीत ठेवो. आमीन.